वाटेवरची शिदोरी : निफाड तालुक्यातील मोटारसायकलीची कथा

वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पुण्यात १८७५ साली ज्यांनी पाडला, ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे मूळ जन्माने आमच्या निफाडचे. १८ जानेवारी १८४२ रोजी ते येथे जन्मले. त्यांच्या बालपणाची एक हकीकत चरित्रांतून सांगितली जाते. घरची मंडळी निफाडहून कोल्हापूरला बैलगाडीने निघाली होती. रात्रीच्या वेळी दोन-अडीच वर्षांचे मूल गाडीतून खाली पडले आणि गाडी तशीच पुढे गेली. सुदैवाने घरचेच एक गृहस्थ घोड्यावरून मागून येत होते. त्यांच्या कानी मुलाचा आवाज पडला आणि मूल वाचले.

आजचा आमचा विषय मोटारसायकलीचा. त्याची सुरुवात बैलगाडीपासून का, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. वाहन कोणतेही असो, वाटेवरच्या माणसाला तीन गोष्टींचा आधार असतो : बरोबर घेतलेले सामान, ते वापरण्याची हातोटी, आणि मागून येणारा माणूस. गेल्या सत्तर वर्षांत या तीन गोष्टींचे आमच्या तालुक्यात काय झाले, हे पाहिले म्हणजे येथील मोटारसायकलीचा इतिहास बहुतेक सांगून होतो.

जर्मनीत डायम्लर आणि मायबाख यांनी १८८५ साली लाकडी सांगाड्याच्या दुचाकीला पेट्रोलचे इंजिन बसविले, तेथून या वाहनाचा जन्म धरतात. १८८८ साली डनलॉपने हवा भरलेला टायर काढला. तो नसता तर मोटारसायकल ही हाडे खिळखिळी करणारी एक शिक्षाच ठरली असती. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर लष्कराला सरहद्दीवरील गस्तीसाठी बुलेट पसंत पडली, आणि १९५५ साली मद्रासला एन्फील्ड इंडिया कंपनी स्थापन झाली. म्हैसूरला १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या धर्तीची जावा तयार होऊ लागली. तीच पुढे येझदी झाली. एस्कॉर्ट्सची राजदूतही साठीच्याच दशकातली. १९६४ साली ओझरला विमानांचा कारखाना आला. तालुक्यात ऊस, कांदा आणि मागाहून द्राक्षे यांनी शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा खेळू लागला, आणि ज्या वाहनाला गावकरी तोवर ‘फटफटी’ म्हणून लांबून पाहत, ते हळूहळू वाड्याच्या ओसरीला येऊन उभे राहिले.

त्या काळी फटफटी घेणे आणि फटफटी बाळगणे या दोन निराळ्या गोष्टी होत्या. पैसे मोजले म्हणजे घेता येई. बाळगायला मात्र विद्या लागे. जावा आणि राजदूत यांच्या इंजिनांना पेट्रोलमध्ये ठराविक मापाने ऑइल मिसळून द्यावे लागे. ऑइल कमी पडले तर इंजिन जाम होई. जास्त पडले तर धूर सुटे आणि प्लगवर काजळी धरून गाडी भर रस्त्यात बंद पडे. मग प्लग काढावा, काचकागदाने घासावा, फुंकर मारावी आणि पुन्हा बसवावा. जावाची किक तर मोठी गमतीची : गाडी सुरू झाली की तोच दांडा पुढे वळवून गिअर टाकावयाचे! नवख्या माणसाला गिअर सापडत नसे आणि जाणत्याला त्याचा अभिमान वाटे. बुलेटची किक चुकली तर ती उलटून पिंढरीवर बसे. आणि निफाडची थंडी तर साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो, अशा पहाटे चोक ओढून दहा-बारा किका मारल्याखेरीज कोणतीही गाडी दाद देत नसे.

रस्त्यांची कथा वेगळी नव्हती. गोदावरी-कादवेच्या काठची ही काळी माती पिकाला सोन्यासारखी, पण चाकाला वैरीण. पावसाळ्यात शिवाररस्त्याने निघाले की चिखल चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये इतका घट्ट बसे की चाक फिरेनासे होई, आणि काठीने तो उकरीत बसावे लागे. उन्हाळ्यात बांधावरच्या बाभळीचे काटे आणि बैलांच्या पत्रीचे गळून पडलेले खिळे टायरची वाटच पाहत असत. म्हणून जुना मोटारसायकलस्वार घरून निघताना शिदोरी बांधल्यासारखी एक पिशवी बांधी. प्लगचा पान्हा, एक जास्तीचा प्लग, पक्कड, क्लचची वायर, चेनची कडी, टायर उचकटण्याच्या दोन पट्ट्या, रबराच्या चकत्या, सोल्युशनची नळी आणि हातपंप, एवढे सामान तीत असे. टाकीखालचा कॉक रिझर्व्हवर फिरवला की पुढच्या पंपापर्यंतचे अंतर तो मनात मोजू लागे.

आमच्या घरी पहिली मोटारसायकल आली ती जुनी विकत घेतलेली. आम्ही तेव्हा पुढे टाकीवर बसण्याच्या वयाचे. एका रात्री नैताळ्याच्या अलीकडे मागचे चाक बसले. वडील टायर काढीत होते आणि बॅटरी आमच्या हाती होती; तिचा उजेड क्षीण होत चाललेला. इतक्यात मागून एक दूधवाला आला. ओळख ना देख. त्याने कॅन बाजूला ठेवले, आपल्या गाडीचा दिवा आमच्या चाकावर धरला, आणि हवा भरून होईपर्यंत तो हलला नाही. वडिलांनी आभार मानले तेव्हा तो एवढेच म्हणाला की, उद्या मी बसलो असेन तेव्हा तुम्ही थांबा. त्या काळच्या रस्त्याचा कायदा तो हाच.

आता थोडे सुखासनाविषयी. आरंभीच्या मोटारसायकलींना मागील चाकाला स्प्रिंगच नसे. खड्ड्याचा दणका थेट मणक्याला. बुलेट १९४८-४९ च्या सुमारास मागील चाकाला स्प्रिंगचा आधार घेऊन आली, हे तिचे मोठे वैशिष्ट्य. पुढे लांब सीट आली, शॉकअब्सॉर्बर सुधारले. परंतु हा सारा विचार हँडल धरणाऱ्या पुरुषाचा झाला. मागे एका बाजूला पाय सोडून, एका हाताने मूल आणि दुसऱ्याने पदर सावरीत बसणाऱ्या स्त्रीच्या सोयीचा विचार फार उशिरा झाला. पदर चाकात अडकून किती संसार उघडे पडले असतील, त्याची मोजदाद नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागे बसणाऱ्यासाठी धरावयास मूठ, पाय ठेवावयास जागा आणि मागील चाक निम्मे तरी झाकणारे आवरण हवे, असे सांगितले आहे. साडीगार्ड म्हणून आपण जो ओळखतो तो हाच. आज कित्येक तरुण नवी गाडी घेतली की दिसायला बरे नाही म्हणून पहिल्यांदा तोच काढून टाकतात!

ऐंशीच्या दशकात मोठे स्थित्यंतर झाले. त्याआधी १९७२ साली आज अहिल्यानगर म्हणतात त्या नगरहून लुना निघाली होती आणि शिक्षक, ग्रामसेवक, बँकेचा कारकून यांच्या आवाक्यात आली होती. १९८५ साली हिरो होंडाची शंभर सीसीची गाडी आली. तिला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागत नसे. ती थोड्या पेट्रोलात पुष्कळ धावे आणि क्वचितच बंद पडे. टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशा अर्थाची तिची जाहिरात होती. ती जाहिरात अक्षरशः खरी ठरली. पुढे बटणावर सुरू होणाऱ्या गाड्या आल्या, ट्यूब नसलेले टायर आले, आणि २०२० पासून नव्या प्रदूषण-नियमांमुळे कार्बुरेटर जाऊन संगणकाने पेट्रोल सोडणारी यंत्रणा आली. लासलगावच्या बाजारात कांद्याचा भाव पाहून येणे, दूध घालणे, लेकीला कॉलेजात सोडणे, ही सारी कामे एका गाडीवर होऊ लागली. हे मोठेच सुख आहे, आणि जुन्या दिवसांच्या आठवणीने त्याला नाक मुरडण्यात अर्थ नाही.

परंतु लोक नुसत्या ऑइलला विसरले नाहीत. पिशवीला विसरले, हातोटीला विसरले, आणि वाटेत काही होऊ शकते हा विचारही विसरले. यंत्राचे आजार कमी झाले तसा वेग वाढला, आणि धोका यंत्रावरून माणसाच्या देहावर आला. २०२२ साली भारतात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत शंभरातील ४४ हून अधिक दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेले ५०,०२९ लोक त्या एका वर्षी मरण पावले. त्यांपैकी १४,३३७ मागे बसलेले होते. हेल्मेटच्या इतिहासातही एका मरणाला मोठे स्थान आहे. १९३५ साली इंग्लंडमध्ये टी. ई. लॉरेन्स हा गाजलेला सेनानी मोटारसायकलवरून पडून डोक्याच्या जखमेने गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांनी पुढे डोक्याच्या जखमांचा अभ्यास करून १९४१ साली दाखवून दिले की शिरस्त्राणाने जीव वाचतो. आपल्या १९८८ च्या कायद्यात ते सक्तीचे आहे. पण आपल्याकडे ते बहुधा पोलिसासाठी घालतात, डोक्यासाठी नव्हे.

तेव्हा आजच्या शिदोरीत पान्हे कमी असले तरी चालतील. पण दोन माणसांची दोन हेल्मेटे, शाबूत साडीगार्ड, पेटणारा मागचा दिवा, टायरात योग्य हवा, ताणून तेल दिलेली चेन आणि जखम बांधावयास स्वच्छ कापड एवढे हवेच. ऊसतोडणीच्या हंगामात हे अधिकच खरे आहे. अंधारात रस्त्याकडेला उभी असलेली बिनदिव्याची ट्रॉली समोरून येणाऱ्या उजेडाने दिपलेल्या डोळ्यांना दिसत नाही. तेथे स्वाराचा आवरलेला वेग आणि ट्रॉलीवाल्याने लावलेली चमकपट्टी, दोन्ही लागतात.

आणि तिसरी गोष्ट, मागून येणारा माणूस. आज अपघात दिसला की पोलिसांचे लचांड मागे लागेल या भयाने गाड्या वळसा घालून निघून जातात. ते भय आता धरण्याचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते कायद्यात आले. सद्भावनेने जखमीला मदत करणाऱ्यावर त्यासाठी खटला भरता येत नाही. आपले नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर नाही. १०८ क्रमांक फिरवून रुग्णवाहिका येईपर्यंत जखमीजवळ थांबणे, एवढेच पुष्कळदा पुरते.

रानड्यांच्या घरच्या गाडीत त्या रात्री माणसे होती, सामानही असेल. पण मूल वाचले ते मागून येणाऱ्याने आवाज ऐकला आणि घोडा थांबविला म्हणून. त्यांच्याच जन्मगावच्या रस्त्यांवरून आपण रोज जातो. पुढे कोणी पडलेला दिसला तर त्याच्या मागून येणारे आपणच असतो, हे निफाडकरांनी तरी विसरू नये.