हवेला हुसकावणारी पेस्ट

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या कॉम्प्युटर रिपेअरिंगच्या दुकानात पाच-सात वर्षांचा लॅपटॉप नेऊन “लई तापतोय” म्हटलं, की उत्तर ठरलेलं: पंखा साफ करू, पेस्ट बदलू. ही पेस्ट प्रोसेसरला थंड करते, असा गिऱ्हाइकाचा समज असतो. तसं काही नाही. तिचं काम हवेला हाकलण्याचं.

प्रोसेसर आणि त्याची उष्णता ओढून घेणारा वरचा तांब्याचा हीटसिंक, दोन्ही डोळ्यांना गुळगुळीत दिसतात. पण ते टेकतात फक्त उंचवट्यांवर. मधल्या खळग्यांत हवा अडकते. तांबं हवेपेक्षा सुमारे पंधरा हजार पट उष्णता वाहून नेतं. म्हणजे केसाहून पातळ हवेचा थरसुद्धा वाट अडवतो.

शिवाजी उद्यमनगरातल्या जुन्या फिटरला हे समजावायला नको. सरफेस प्लेटला, म्हणजे अचूक सपाट पाटाला, पातळ निळा रंग लावायचा, त्यावर जॉब घासायचा, उचलला की उंचवटे तेवढे निळे दिसतात. ते स्क्रेपरनं खरवडायचे आणि पुन्हा घासायचं. सपाट पृष्ठभाग असा खरवडून घडवण्याची शिस्त ब्रिटिश अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० साली ग्लासगोच्या एका विज्ञानसभेत मांडली. निळा रंग उंचवटे दाखवतो, पेस्ट त्यांच्यामधले खळगे भरते.

पेस्टचं दुसरं कूळ रसायनशाळेतलं. नॉटिंगहॅमचे रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक किपिंग विसाव्या शतकाच्या आरंभापासून सिलिकॉनच्या सेंद्रिय संयुगांमागे लागले होते. त्यांना हवे होते स्वच्छ स्फटिक; भांड्यात वारंवार उरायचा चिकट लगदा. या शाखेत लवकर फार मोठं काही घडेल अशी आशा नाही, असं त्यांनी १९३७च्या व्याख्यानात सांगून टाकलं. सहाच वर्षांनी, १९४३ साली, त्याच चिकट कुळातल्या पदार्थांवर अमेरिकेत डाऊ कॉर्निंग ही कंपनी उभी राहिली. तिचं पहिलं उत्पादन म्हणजे युद्धविमानांच्या इग्निशनसाठीचं सिलिकॉन ग्रीस. उंचावरच्या विरळ हवेत ठिणगी भलतीकडेच पळायची, ती या ग्रीसनं थांबवली. तेव्हाही काम हवेला बाहेर ठेवण्याचंच होतं, फक्त कारण विजेचं होतं.

उष्णतेचं काम या ग्रीसला ट्रान्झिस्टरनं लावलं. पॉवर ट्रान्झिस्टर तापू लागले, तेव्हा त्यांना ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवणं भाग पडलं. पण बऱ्याच ट्रान्झिस्टरांच्या धातूच्या टोपीतच वीज खेळते, म्हणून मध्ये अभ्रकाची चकती आणि तिच्या दोन्ही अंगांना ग्रीस. त्या ग्रीसमध्ये झिंक ऑक्साईडची पूड मिसळली, की झाली पांढरी हीटसिंक पेस्ट. (हेच जस्ताचं भस्म कॅलामाइन लोशनमध्येही असतं.) गणपती मंडळांच्या अॅम्प्लिफायरमध्ये टू-एन ३०५५ ट्रान्झिस्टर बसवणाऱ्या मेकॅनिकांच्या बोटांना ती पांढरी पेस्ट कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधीपासून लागलेली आहे.

कॉम्प्युटरमध्ये ती उशिरा आली. ३८६ प्रोसेसर उघडाच चालायचा. १९९३चा पेंटियम मात्र पंधरा वॅटच्या आसपास खाऊ लागला आणि हीटसिंक-पंखा कायमचा डोक्यावर बसला. पुढे चांदीची पूड घातलेल्या पेस्टचा बोलबाला झाला. माझ्या मते त्यात जाहिरातीचा वाटा बराच.

साधी पांढरी पेस्ट हवेच्या तीसेक पट बरी असली, तरी तांब्यापुढे शेकडो पट मागे आहे. म्हणून ती थापायची नसते. लॅपटॉपच्या उघड्या चिपवर ज्वारीच्या दाण्याएवढी पुरते. जास्त लावली तर तीच वाट अडवते. चिप तापते-निवते, दोन धातू कमी-जास्त फुगतात आणि पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते. तेल सुटतं, उरलेली पूड कोरडी पडते. खळग्यांत पुन्हा हवा शिरते. मग पारा शंभर अंशांकडे सरकला, की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो आणि आपण म्हणतो, “जुना झाला, हँग होतोय.”

बदलताना जुना थर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पूर्ण पुसायचा आणि स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. इंजिनाचं हेड बसवणाऱ्याला हा क्रम पाठ असतो. दुकानदारानं ‘लिक्विड मेटल’ सुचवलं, तर आधी हीटसिंक कशाचा आहे ते विचारा: त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम पोखरतं, आणि मदरबोर्डवर ओघळलं तर शॉर्ट करतं. जुन्या लॅपटॉपला साधी पेस्टच बरी.