मेंढीच्या रक्तातून निघालेली चाचणी

वसई-विरारमध्ये पावसाळ्यात ताप आला की लॅबच्या चिठ्ठीवर मलेरिया, डेंग्यू, विडाल हे ठरलेलंच. पण कॉलेजातल्या मुलाचा घसा पांढरा पडलाय, मानेत गाठी आल्यात, आठवडा झाला तरी ताप हटत नाही, तेव्हा डॉक्टरांच्या मनात आणखी एक नाव येतं: मोनोस्पॉट, म्हणजे गाठींच्या तापाची चाचणी. ही चाचणी रोगाचा विषाणू शोधतच नाही.

गाठींच्या या तापाचं वर्णन एमिल फायफर या जर्मन डॉक्टरांनी १८८९ मध्ये केलं. चाचणीसाठी १९३२ उजाडलं. येल विद्यापीठात जॉन पॉल आणि वॉल्स बनेल मेंढीच्या तांबड्या पेशींच्या गुठळ्या करणारी प्रतिद्रव्यं तपासत होते. घोड्याचं सीरम टोचलेल्या माणसांत ती सापडत, हे आधीच माहीत होतं. गाठींच्या तापाच्या रुग्णांत मात्र ती भरमसाट निघाली. विषाणू बी-पेशींत शिरून त्यांना भलतीच प्रतिद्रव्यं करायला लावतो, हे तेव्हा कोणाला ठाऊक असणार? तो एपस्टाइन-बार विषाणू दिसला १९६४ मध्ये, आणि या तापाशी त्याचं नातं जुळलं १९६८ मध्ये, फिलाडेल्फियात हेन्ले या संशोधक दांपत्याच्या प्रयोगशाळेतली तंत्रज्ञ याच तापाने आजारी पडली म्हणून. आजारापूर्वीच्या तिच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्यं नव्हती, नंतर होती.

मधल्या काळात डेव्हिडसन या संशोधकांनी गिनीपिगच्या मूत्रपिंडाचा अर्क आणि बैलाच्या तांबड्या पेशी वापरून या तापाची प्रतिद्रव्यं इतरांपासून वेगळी काढली. पुढे मेंढीच्या जागी घोड्याच्या पेशी आल्या आणि परीक्षानळ्यांतली लांबलचक चाचणी काचेच्या पट्टीवर मिनिटांत होऊ लागली. आजच्या अनेक चाचणी-कार्डांत गोवंशाच्या तांबड्या पेशींचा अर्क असतो. बोटातून काढलेलं थेंबभर रक्त पुरतं.

वेग मोठा, पण उणीवही जन्मजात. पहिल्या आठवड्यात कार्ड अनेकदा निगेटिव्ह येतं. चार वर्षांखालच्या मुलांत ही प्रतिद्रव्यं बहुधा तयारच होत नाहीत, आणि आपल्याकडे हा संसर्ग मुख्यतः त्याच वयात होतो. म्हणून लहान मुलाचं कार्ड निगेटिव्ह आलं, यावर मी भरवसा ठेवणार नाही. तिथे विषाणूविरुद्धचीच प्रतिद्रव्यं पाहणारी व्हीसीए आयजीएम चाचणी हवी. ती महाग पडते, रिपोर्टला वेळ लागतो, तरी तीच हवी.

तरुणाचं कार्ड पॉझिटिव्ह आलं तर अमॉक्सिसिलिन टाळायला हवं, त्याने अंगभर पुरळ उठू शकतं. प्लीहा सुजलेली असू शकते, म्हणून काही आठवडे कबड्डी-फुटबॉल बंद. आणि गाठी महिनाभर तशाच राहिल्या तर क्षयाची तपासणी करायलाच हवी.