माशी, मासा आणि इचेनकाठचा वाद

इंग्लंडच्या दक्षिणेकडील हॅम्पशायर परगण्यात टेस्ट आणि इचेन या नद्या खडूच्या खडकातून पाझरणाऱ्या झऱ्यांवर पोसल्या जातात. झऱ्यांचे तापमान बारमाही १०-११ अंश सेल्सिअस असल्याने भर उन्हाळ्यातही पाणी थंड आणि नितळ असते. ट्राउट मासा येथे रमतो तो त्यामुळेच. मेअखेरीस मेफ्लाय हा कीटक गाळातली सुमारे दोन वर्षे संपवून वर येतो, कात टाकतो, उडतो आणि एक-दोन दिवसांत मरतो. जुलैत दुपारी नदी निपचित असते. संध्याकाळी मात्र निळसर पंखांच्या लहान माश्या थव्याने निघतात. पिसे आणि रेशमी दोरा गळाला बांधून या माश्यांची हुबेहूब नक्कल करायची, ही येथील मासेमारीची रीत. (माशीने मासा धरण्याचा हा खेळ मराठीत आपोआप अनुप्रासात सापडतो!)

या रीतीला शास्त्राचे रूप दिले फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी. १८८६ आणि १८८९ च्या त्यांच्या ग्रंथांनी तरंगत्या माशीचा पंथच उभा केला. मासा पृष्ठभागावर खाताना दिसला पाहिजे, तो नेमके काय खातो हे ओळखले पाहिजे आणि तशीच कोरडी माशी त्याच्या वरच्या बाजूस अलगद टाकली पाहिजे. निरीक्षण म्हणून हे उत्तम होते. अनुयायांनी त्याचे सोवळे केले.

ते मोडले जी. ई. एम. स्क्यूज या वकिलाने. मारलेल्या ट्राउटच्या पोटात लांब चमचा घालून ते आतला ऐवज बशीत पाण्यावर पसरत. त्यात पंख असलेल्या माश्या थोड्या, पाण्याखालची अपक्व रूपे फार. इंग्रजीत या रूपाला 'निम्फ' म्हणतात. आपल्याकडे 'अप्सरा' शब्दातही पाणी आहेच. १९१० साली स्क्यूज यांनी पाण्याखालच्या माशीची बाजू ग्रंथरूपाने मांडली. पोटे हॅलफर्ड यांनीही तपासली होती, हे येथे विसरता कामा नये. पुरावा दोघांसमोर होता. एकाने त्यावरून रीत बदलली, दुसऱ्याने बदलली नाही. संहितेपेक्षा संप्रदाय मोठा होतो तो असा. साहित्याच्या वर्गात आम्हीही हे पाप केले आहे. टीकाकाराचे मत आधी शिकवायचे आणि कविता मागाहून, हा आमचा अनेक वर्षांचा परिपाठ होता.

हॅलफर्ड १९१४ साली वारले, पण वाद उरला. १९३८ साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात निम्फच्या वैधतेवर रीतसर चर्चा झाली. स्क्यूज तेव्हा ऐंशीच्या उंबरठ्यावर होते. १८८३ पासून ज्या इचेनकाठी ते मासे धरत आले, तो काठ त्यांनी त्याच वर्षी सोडला.

त्या नद्यांच्या काही पट्ट्यांत आजही १ जुलैपर्यंत केवळ कोरडी माशी चालते. निम्फला परवानगी त्यानंतर.