खासगी विद्यापीठात प्रवेश घेताय? आधी हा हिशोब मांडा

बारावी आणि सीईटीचा निकाल लागला की तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर खासगी विद्यापीठांचे फ्लेक्स झळकू लागतात. ‘थेट प्रवेश’, ‘१०० टक्के प्लेसमेंट’, ‘आजच जागा निश्चित करा’. पाठोपाठ पालकांच्या मोबाईलवर समुपदेशकांचे फोन सुरू होतात. त्यांना बहुतेक पालक एकच प्रश्न विचारतात, ‘डिग्री चालते ना?’ उत्तर ‘हो’ असं येतं आणि चौकशी तिथंच थांबते.

खरं तर चौकशी तिथून सुरू व्हायला हवी. डिग्री वैध असणं वेगळं आणि त्या डिग्रीसाठी मोजलेले पैसे वसूल होणं वेगळं. काही खासगी विद्यापीठं चांगली आहेत, काही अगदीच नवी आहेत. पण ऊसबिल, द्राक्षबाग किंवा दुधाच्या पगारावर चालणाऱ्या घराला चार वर्षांची फी म्हणजे एखाद्या जमिनीच्या तुकड्याची किंमत असते. त्यामुळे सही करण्याआधी काय तपासायचं, ते इथं क्रमानं दिलं आहे.

खासगी विद्यापीठ म्हणजे नेमकं काय?

शिवाजी विद्यापीठ, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ ही राज्याची सार्वजनिक विद्यापीठं. त्यांना शेकडो कॉलेजं संलग्न असतात. खासगी विद्यापीठाचं तसं नसतं. ते ट्रस्ट, सोसायटी किंवा कंपनीनं राज्याच्या कायद्याखाली काढलेलं असतं आणि त्याला बाहेरची कॉलेजं संलग्न करून घेता येत नाहीत. शिकवणं, पेपर काढणं, तपासणं आणि डिग्री देणं हे सगळं एकाच आवारात चालतं. अभ्यासक्रम लवकर बदलता येतो, हा याचा फायदा. तोटा असा, की मुलाच्या गुणांची तुलना करायला बाहेरची परीक्षा नसते. त्यामुळे नोकरी देणारा गुणांपेक्षा विद्यापीठाचं नाव आणि मुलाला प्रत्यक्ष काय येतं, हेच पाहतो.

अभिमत विद्यापीठ हा आणखी वेगळा प्रकार आहे. त्याला हा दर्जा यूजीसी कायदा, १९५६ च्या कलम ३ नुसार केंद्र सरकारकडून मिळतो. माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात फक्त ‘विद्यापीठ’ लिहिलेलं असतं, म्हणून यातला कोणता प्रकार आहे ते आधी विचारून घ्या. सरकारी सवलती त्यावरच ठरतात.

डिग्री चालते का?

विद्यापीठ राज्याच्या कायद्यानं स्थापन झालेलं असेल आणि यूजीसीच्या खासगी विद्यापीठांच्या यादीत त्याचं नाव असेल, तर त्याला कलम २२ प्रमाणे पदवी देण्याचा अधिकार असतो. एमपीएससीची राज्यसेवा, बँक परीक्षा अशा जिथं ‘कोणत्याही शाखेची पदवी’ मागतात, तिथं ही डिग्री चालते. यादी यूजीसीच्या संकेतस्थळावर राज्यवार दिलेली आहे. मोबाईलवर दोन मिनिटांत पाहता येते.

कायदा का तपासायचा, याचं उदाहरण छत्तीसगडचं आहे. तिथं २००२ च्या कायद्याचा आधार घेऊन शंभराहून अधिक खासगी विद्यापीठं निघाली. काहींकडे धड इमारतही नव्हती. प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २००५ मध्ये त्या कायद्याची मुख्य कलमं रद्द केली आणि ती विद्यापीठं एका निकालात संपली. त्याच्या आधीच, २००३ मध्ये, यूजीसीनं खासगी विद्यापीठांसाठी नियम आणले होते. त्यानुसार खासगी विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर केंद्र काढता येत नाही.

म्हणूनच तालुक्याच्या गावात दोन खोल्यांत ‘परराज्यातल्या विद्यापीठाचं अधिकृत केंद्र’ अशी पाटी दिसली, तर तिथं एक रुपयाही भरू नका. दूरस्थ किंवा ऑनलाइन अभ्यासक्रम असेल, तर यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाची त्या अभ्यासक्रमाला आणि त्या वर्षासाठी परवानगी आहे का, ते वेगळं पाहावं लागतं.

परिषदेची मान्यता विसरू नका

काही अभ्यासक्रमांत विद्यापीठाची डिग्री पुरेशी नसते. व्यवसाय करायचा तर संबंधित परिषदेची मान्यता लागते.

- फार्मसी: भारतीय फार्मसी परिषद. मान्यता नसेल तर फार्मासिस्ट म्हणून नोंदणी होत नाही आणि मेडिकल दुकानाचं स्वप्न तिथंच संपतं.
- कायदा: बार कौन्सिल ऑफ इंडिया.
- नर्सिंग: भारतीय परिचर्या परिषद आणि राज्याची परिषद.
- बी.एड.: एनसीटीई.
- वास्तुशास्त्र: वास्तुविशारदांची परिषद.
- कृषी: आयसीएआरची अधिस्वीकृती. बी.एस्सी. ॲग्री करून पुढे आयसीएआरच्या परीक्षेतून एम.एस्सी. करायचं असेल, तर ही नसल्यानं अडचण येते.

इंजिनिअरिंगचं थोडं वेगळं आहे. विद्यापीठांना एआयसीटीईची पूर्वपरवानगी बंधनकारक नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये स्पष्ट केलं आहे. तरीही एआयसीटीईची मान्यता आणि एनबीएचं मानांकन असलं तर भरवसा वाढतो. ते पूर्ण विद्यापीठाला नव्हे, तर तुमच्या शाखेला आहे का, हे विचारा.

खरा खर्च किती?

माहितीपत्रकातली फी म्हणजे खर्चाचा एक भाग झाला. खालचे आकडे कोणत्याही एका संस्थेचे नाहीत. हिशोब कसा मांडायचा, हे समजावं म्हणून घेतले आहेत.

- शिक्षण शुल्क: वर्षाला १,५०,०००
- वसतिगृह आणि मेस: वर्षाला ९०,०००
- परीक्षा फी, गणवेश, पुस्तकं, प्रवास: वर्षाला २५,०००
- लॅपटॉप: एकदाच ४५,०००

एका वर्षाचे २ लाख ६५ हजार होतात. चार वर्षं आणि लॅपटॉप धरून ११ लाख ५ हजार. यात फीवाढ धरलेली नाही. फी दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढली, तर चार वर्षांत साधारण ७६ हजार रुपये जास्त जातात. म्हणून ‘पहिल्या वर्षाची फी किती’ असं न विचारता ‘चारही वर्षांची फी लेखी द्या’ असं म्हणा.

‘स्कॉलरशिप देतो’ असं सांगितलं, तर ती चारही वर्षं आहे का आणि किती गुण पडले तर बंद होते, हेही लिहून घ्या. पहिल्या वर्षी अर्धी फी माफ आणि दुसऱ्या वर्षी एक विषय राहिला म्हणून पूर्ण फी, अशी अट बारीक अक्षरात असू शकते.

सवलत कुठं गळते?

इथंच बहुतेक घरांचा हिशोब चुकतो. सीईटी कक्षाच्या कॅप फेरीतून कॉलेजला प्रवेश घेतला, तर राज्याच्या फी सवलतीच्या योजना मिळू शकतात. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबातल्या मुलांना निम्म्या शिक्षण शुल्काची सवलत आहे.

मुलींसाठी तर ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. विनाअनुदानित कॉलेजांनाही ही योजना लागू आहे. मात्र खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं या निर्णयात स्पष्टपणे वगळली आहेत.

वरच्या उदाहरणात ठेवून पाहा. जत किंवा आटपाडीच्या मुलीला कॅपमधून एखादं विनाअनुदानित कॉलेज मिळालं आणि ती या निर्णयात बसली, तर चार वर्षांचं ६ लाखांचं शिक्षण शुल्क भरावं लागत नाही. राहणं, खाणं आणि कॉलेजचे इतर आकार तेवढे राहतात. तीच मुलगी खासगी विद्यापीठात गेली, तर हे ६ लाख घरातून जातात. दोन्हीकडे डिग्री बी.टेक.चीच. तेव्हा त्या ६ लाखांत नेमकं जास्त काय मिळतं, हा प्रश्न विद्यापीठाच्या प्रवेश कक्षात बसूनच विचारायला हवा.

अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त आणि इतर प्रवर्गांच्या शिष्यवृत्तींचे नियम वेगवेगळे आहेत. एजंटच्या ‘होऊन जाईल’वर विसंबू नका. महाडीबीटी पोर्टलवर तुमच्या योजनेखाली त्या संस्थेचं आणि अभ्यासक्रमाचं नाव दिसतं का ते पाहा, नाहीतर समाजकल्याण कार्यालयात जाऊन विचारा.

कर्ज काढायचं असेल तर

शैक्षणिक कर्जाला साधारण साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, त्यापुढे मागितलं जातं. केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. तीत विनातारण, विनाजामीन कर्ज आहे आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत आहे. पण ती एनआयआरएफ क्रमवारीत वर असलेल्या आणि केंद्र सरकारच्या निवडक संस्थांनाच लागू आहे. लहान, नवं खासगी विद्यापीठ त्या यादीत सहसा नसतं. यादी तपासा.

आता हप्त्याचं गणित. दरवर्षी दीड लाख याप्रमाणे ६ लाखांचं कर्ज घेतलं, व्याज १०.५ टक्के धरलं आणि शिक्षणाची चार वर्षं अधिक एक वर्ष हप्ता भरला नाही, तर सरळ व्याजानंही रक्कम ८ लाख २० हजारांवर जाते. पुढं ती दहा वर्षांत फेडायची, तर महिन्याचा हप्ता ११ हजारांच्या आसपास बसतो. म्हणजे ६ लाखांचे एकूण सव्वातेरा लाख भरावे लागतात. शिकत असतानाच निदान व्याज भरत गेलात, तर ओझं बरंच कमी होतं.

प्लेसमेंटचा आकडा कसा वाचायचा?

समजा १०० मुलं पास झाली. त्यातल्या ४० जणांनाच प्लेसमेंटसाठी बसू दिलं आणि ३६ जणांना नोकरी लागली. जाहिरातीत ‘९० टक्के प्लेसमेंट’ छापता येतं. प्रत्यक्षात १०० पैकी ३६ झाले. म्हणून ‘किती पास झाले आणि त्यातले किती लागले’ हे दोन्ही आकडे मागा.

सर्वात मोठं पॅकेजही फसवं असतं. १२ लाखांचं पॅकेज एकाला मिळालं म्हणजे बाकीच्यांना मिळालं असं नाही. सगळे पगार चढत्या क्रमानं लावल्यावर जो मधला पगार येतो, तो विचारा. एनआयआरएफमध्ये भाग घेणाऱ्या संस्थांना वेळेत पास झालेले, नोकरी लागलेले, पुढे शिकायला गेलेले आणि मधला पगार, ही माहिती भरून ती आपल्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ‘एनआयआरएफ’ लिहिलेली पीडीएफ शोधा. ती नसेल तर का नाही, हे विचारा.

३ लाखांचं पॅकेज म्हणजे महिना २५ हजार. पीएफ वगैरे कापून हातात त्याहून कमी येतात. पुण्यात खोली, मेस, गाडीचं पेट्रोल आणि वर ११ हजारांचा हप्ता. घरी पाठवायला काय उरणार, ते तुम्हीच मांडा.

सर्वात खात्रीचा मार्ग मात्र जुनाच आहे. मागच्या दोन बॅचमधल्या, तुमच्या शाखेच्या पाच मुलांशी बोला. विद्यापीठानं निवडून दिलेली मुलं नकोत. आपल्या किंवा शेजारच्या तालुक्यातली, ओळखीतून सापडलेली हवीत. ती आज कुठं आहेत, काय करतात, पुन्हा तिथंच प्रवेश घेतला असता का, एवढं विचारलं तरी पुरे. अजून एकही बॅच बाहेर पडली नसेल, तर पहिला प्रयोग आपल्याच मुलावर होणार, हे लक्षात ठेवा.

मग कुणी जावं?

सगळ्यांनी टाळावं असं नाही. घरून ये-जा होत असेल, चारही वर्षांची फीमाफी लेखी मिळाली असेल, नॅकची चांगली श्रेणी असेल, हवा तो अभ्यासक्रम जवळ दुसरीकडे नसेल आणि बाहेर पडलेली मुलं खरंच कामाला लागलेली दिसत असतील, तर लहान विद्यापीठातही मूल चांगलं घडतं. वर्गात मुलं कमी असली की शिक्षकांचं लक्षही जास्त मिळतं.

पण घरात दुसरे पर्याय मांडल्याशिवाय निर्णय नको. सांगलीचं वालचंद किंवा कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सगळ्यांना मिळत नाही हे खरं. तरीही कॅपच्या शेवटच्या फेरीपर्यंत थांबता येतं. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला जाता येतं. आणि मुलाचा डोळा एमपीएससीवर असेल, तर तालुक्यातल्या कॉलेजची किंवा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची पदवीही चालते. तिथं ११ लाख घालण्याचं कारण नाही.

पैसे भरताना आणि परत घेताना

- पैसे विद्यापीठाच्या खात्यातच भरा, पक्की पावती घ्या. एजंटच्या हातात रोकड देऊ नका.
- मूळ कागदपत्रं तपासून लगेच परत द्यायची असतात. यूजीसीच्या नियमानुसार संस्थेला ती अडकवून ठेवता येत नाहीत.
- प्रवेश रद्द केला तर फी परत मिळते. यूजीसीच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केल्यास पूर्ण (प्रक्रिया खर्च जास्तीत जास्त ५ हजार वजा), त्यानंतर शेवटच्या तारखेपर्यंत ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के आणि १६ ते ३० दिवसांत ५० टक्के. त्यानंतर काही नाही. यूजीसी काही वर्षी यात जास्त सवलत देणारं परिपत्रक काढते, तेही पाहा.

‘आज भरलं नाही तर जागा जाईल’ असा फोन आला, तरी घाई करू नका. हा हिशोब एका कागदावर मांडा, मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा आणि मगच सही करा. चार वर्षं शिकायचंय त्यांना आणि हप्ताही पुढं त्यांच्याच पगारातून जाणार आहे.