मधुमेही पायाची दूरस्थ तपासणी

मधुमेहाच्या रुग्णाचा पाय दुखत नाही, हीच त्याची खरी अडचण असते. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पायातील नसांची संवेदना मंदावते. चप्पल चावली, खडा रुतला, तापलेल्या फरशीने कातडी भाजली तरी रुग्णाला कळत नाही. त्यातच रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतील तर जखम भरून येण्यास लागणारे रक्त पायापर्यंत पोहोचत नाही, जंतुसंसर्ग हाडापर्यंत उतरतो आणि बोट, पाऊल किंवा गुडघ्याखालचा पाय कापण्याची वेळ येते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयसीएमआर-इंडियाब’ पाहणीचा अंदाज असा, की भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. पायाच्या जखमांचे तज्ज्ञ मात्र प्रामुख्याने मोठ्या शहरांत एकवटलेले आहेत. पायावर भार देऊ नका असे ज्या रुग्णाला बजावायचे, त्यालाच पुन्हा पुन्हा एसटीने तपासणीसाठी बोलवायचे, अशी ही विसंगती आहे. टेलिमेडिसीनचा, म्हणजे दूरवैद्यकाचा, विचार पुढे आला तो तिच्यावर उपाय म्हणून.

पद्धत साधी आहे. गावातील परिचारिका किंवा डॉक्टर जखम स्वच्छ करून तिच्याशेजारी मोजपट्टी ठेवतात, पुरेशा उजेडात छायाचित्र काढतात आणि जखमेची लांबी, रुंदी, खोली, स्राव, ताप व साखरेचे आकडे यांसह ते तज्ज्ञाकडे पाठवितात. दर वेळी अंतर, कोन व उजेड सारखाच ठेवला तरच आधीच्या छायाचित्राशी तुलना करता येते. ड्रेसिंग बदलावे का, घट्टा खरवडावा का, रुग्णाला तातडीने बोलवावे का, हे तज्ज्ञ कळवितो.

याचा उपयोग किती, या प्रश्नाला युरोपातील दोन अभ्यासांनी दिलेली उत्तरे एकमेकांशी पूर्ण जुळत नाहीत. डेन्मार्कमधील चाचणीत रुग्णांची दोन वेळा घरी दूरस्थ तपासणी व एकदा रुग्णालयात भेट, असा क्रम ठेवला होता. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार जखमा भरण्यात व अवयव कापण्याच्या प्रमाणात नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत लक्षणीय फरक आढळला नाही. मृत्यू मात्र दूरस्थ गटात अधिक झाले. त्यांची संख्या लहान होती आणि कारणही स्पष्ट झाले नाही. तरीही ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही. पश्चिम नॉर्वेतील १८२ रुग्णांच्या २०१८ सालच्या अभ्यासात जखमा भरण्याचा काळ दोन्ही गटांत जवळपास सारखाच राहिला, परंतु दूरस्थ गटात अवयव कापण्याचे प्रमाण कमी आढळले. तेथे प्राथमिक आरोग्यसेवेतील परिचारिका व रुग्णालय यांचा संपर्क मोबाइल आणि संगणकावरील जखमनोंदीतून सतत राहत होता. दोन्ही ठिकाणी रुग्णाच्या घराजवळ प्रशिक्षित हात उपलब्ध होते, हे भारतात विसरले जाते. केवळ व्हिडिओ कॉल म्हणजे ती व्यवस्था नव्हे.

कॅमेऱ्याच्या मर्यादाही मोठ्या आहेत. पावलावरील नाडी त्याला लागत नाही, जखमेचा वास येत नाही, सळई घालून ती हाडाला टेकते का हे पाहता येत नाही. सावळ्या कातडीवरील लालसरपणा छायाचित्रात सहज हरवतो. संवेदना तपासण्यासाठी १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा तंतू तळपायाला टेकवावा लागतो; हे काम प्राथमिक आरोग्य केंद्रातही होऊ शकते, पण कोणीतरी तेथे बसून करावे लागते. बोट काळे पडणे, थंडी वाजून ताप येणे, लाली वेगाने वर चढणे किंवा पाय अचानक गरम होऊन सुजणे, यांपैकी काहीही दिसल्यास पडद्यावरच्या सल्ल्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

भारतात या सेवेला नियमांची चौकट मिळाली ती २५ मार्च २०२० रोजी, केंद्राच्या टेलिमेडिसीन मार्गदर्शक तत्त्वांमुळे. दूरस्थ सल्ला पुरेसा आहे की प्रत्यक्ष तपासणी हवी, हे ठरविण्याचा अधिकार त्यांनी डॉक्टरवर सोपविला. ‘ई-संजीवनी’ ही सरकारी सेवा डॉक्टर ते डॉक्टर स्वरूपात नोव्हेंबर २०१९ मध्ये, तर रुग्णांना घरबसल्या सल्ल्यासाठी एप्रिल २०२० मध्ये सुरू झाली.

जखम होण्यापूर्वीच इशारा देणारा एक उपाय अधिक आश्वासक दिसतो, तो म्हणजे तळपायाचे तापमान. कातडी फुटण्याआधी आतील दाहामुळे ती जागा गरम होते. दोन्ही पायांच्या समान जागांवर रोज तापमान मोजावे. फरक सलग दोन दिवस २.२ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक राहिल्यास चालणे कमी करून डॉक्टरांना कळवावे, असा संकेत आहे. यासाठी साधा त्वचा-तापमापक चालतो. पाय ठेवताच आकडे दूरवर पाठविणाऱ्या चटयाही निघाल्या आहेत. ज्यांचा एक पाय आधीच कापलेला आहे, त्यांच्याबाबतीत मात्र तुलनेला दुसरा पाय नसल्याने ही डाव्या-उजव्याची पद्धत लागू पडत नाही, आणि उरलेल्या पायाला धोका सर्वाधिक असतो तो याच रुग्णांच्या.