ऑक्सिमीटरला जे दिसत नाही

कोविडमध्ये पिंपळे गुरवच्या घराघरांत ऑक्सिमीटर आला. आजही तुम्ही तो घेऊन दवाखान्यात येता आणि विचारता, "डॉक्टर, 97 आहे, मग बाबा दिवसभर एवढे झोपाळलेले का?" बाबांना जुना सीओपीडी, घरी ऑक्सिजन सुरू. ऑक्सिजन आत जातोय, पण कार्बन डायऑक्साइड पुरेसा बाहेर पडत नाहीये. ऑक्सिमीटर तो मोजतच नाही.

याच ठिकाणी 1952 मध्ये कोपनहेगनचे नावाजलेले डॉक्टर चकले होते. पोलिओची साथ होती, श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुलं दगावत होती. रक्तातलं बायकार्बोनेट वाढलेलं पाहून त्यांना वाटलं, हा काही वेगळाच बिघाड आहे. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन म्हणाले, हा साचलेला कार्बन डायऑक्साइड आहे. 27 ऑगस्टला त्यांनी बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्यातून नळी घालून हाताने पिशवी दाबत श्वास दिला. ऑक्सिजन चालू ठेवून पिशवी दाबणं थांबवलं, की तिला घाम फुटायचा, बीपी चढायचं. पुन्हा दाबली की उतरायचं. मुलगी वाचली. पुढे कित्येक महिने वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने पिशव्या दाबत बसले.

हा वायू इन्फ्रारेड किरण शोषतो, हे जॉन टिंडल यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं. त्यावर चालणारं यंत्र जर्मनीच्या लुफ्त यांनी 1943 मध्ये मांडलं. ते ऑपरेशन थिएटरमध्ये रुजवलं हॉलंडच्या स्मालहाउट यांनी. ब्रिटनच्या 2011 च्या पाहणीत आयसीयूतल्या श्वासमार्गाच्या दुर्घटनांत झालेल्या मृत्यूंपैकी 70 टक्क्यांहून अधिक मृत्यूंना कॅप्नोग्राफ न वापरणं कारणीभूत ठरलं असावं, असं आढळलं. नळी चुकून अन्ननलिकेत गेली, तर हे यंत्र काही श्वासांतच सांगतं. ऑक्सिमीटरचा आकडा पडायला मिनिटं जातात.

यंत्र निवडणाऱ्या डॉक्टरमित्रांना एवढंच सांगेन: नुसता आकडा दाखवणारं नको, आलेख दाखवणारं घ्या. सेन्सर नळीवरच बसणारा प्रकार चटकन उत्तर देतो, पण नळीवर वजन येतं. नमुना ओढून घेणारा प्रकार नाकातल्या नळीवरही चालतो, मात्र वाफेचं पाणी साचून तुंबतो.

बाबांसाठी घरी हे यंत्र विकत घेऊ नका. खराब फुप्फुसांत त्याचा आकडा रक्तातल्या प्रमाणापेक्षा कमी येतो. धमनीतल्या रक्ताची एबीजी तपासणीच लागते. सीओपीडीत सहसा 88 ते 92 पुरतं, त्यामुळे त्यांचा 97 मला खटकतो. पण ऑक्सिजन स्वतःच्या मनाने बंद करू नका. झोपाळलेपण आहे ना, मग आजच घेऊन या. उठवूनही नीट जागे होत नसतील तर थेट हॉस्पिटल गाठा.