‘वरून हुकूम आहे’

२०२३च्या शरद ऋतूत मी मुलीकडे कार्डिफला गेलो होतो. कार्डिफ ही वेल्सची राजधानी. जावई सकाळी मोटारीतून मला समुद्राकडे घेऊन निघाले आणि गाडी अशी काही हळूहळू चालवू लागले, की मला वाटले सासऱ्यांच्या वयाचा हा मान असावा. मी तसे म्हटलेही. ते हसून म्हणाले, “बाबा, मान तुमचा नाही, कायद्याचा आहे.”

खुलासा असा झाला, की त्याच सप्टेंबरच्या १७ तारखेपासून वेल्समधील वस्तीच्या रस्त्यांवरची सर्वसाधारण वेगमर्यादा ताशी तीस मैलांवरून वीस मैलांवर, म्हणजे सुमारे बत्तीस किलोमीटरवर आली होती. घरोघरी, दुकानोदुकानी तोच विषय. शेजारच्या आजीबाई म्हणत, आता नातवंडे रस्ता ओलांडताना जीव खालीवर होत नाही; समोरचा सुतार म्हणे, ह्या सरकारला कामधंदे करणारी माणसे दिसत नाहीत. कायदा मागे घ्या, अशा अर्जावर साडेचार लाखांहून अधिक सह्या झाल्या. एकतीस लाख वस्तीच्या देशात हा आकडा लहान नव्हे.

मला मात्र ह्या भांडणाची एक वेगळीच मौज वाटत होती. सुतार रागावला होता, पण लंडनवर नव्हे. कार्डिफवर रागावला होता. आपल्याच घरच्या सरकारवर रागावण्याचा हा हक्क वेल्सच्या लोकांना मिळून तेव्हा जेमतेम पाव शतक होत आले होते. तो कसा मिळाला आणि त्याचे त्यांनी काय केले, ही गोष्ट दिवाळीच्या फराळाबरोबर सांगण्याजोगी आहे.

पण त्याआधी माझी स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती सांगितल्याशिवाय ह्या विषयात मला इतका रस का, हे कळणार नाही.

मी तरुणपणी एका सरकारी खात्यात सर्वेक्षणाच्या कामावर होतो. कोकणात एका खाडीकाठच्या खारजमिनीतून रस्ता काढायचा होता. खारजमीन म्हणजे काय, हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. समुद्राला बांध घालून अडवलेली शेते. भरतीला बंद व्हायची आणि ओहोटीला पाणी सोडून द्यायची ती उघाडी. आणि बांध फुटला की सारे पीक खारे. आम्ही खुंट्या ठोकत होतो, तेव्हा एक वृद्ध शेतकरी येऊन उभा राहिला. म्हणाला, “साहेब, रस्ता हवा तर हवा. पण पाणी कुठून जायचं, ते तुम्ही कुणाला विचारलंत?” मी काही विचारले नव्हते. मी तेवीस वर्षांचा होतो. मी म्हटले, “आजोबा, वरून हुकूम आहे.”

ते काही बोलले नाहीत. पुढच्या पावसाळ्यात पाणी तुंबले आणि त्यांच्या शेतात भात उभे राहिले नाही. ते त्यांनी मला येऊन सांगितले नाही. मीच जाऊन पाहिले. ‘वरून’ म्हणजे नेमके कुठून, हे मलाही ठाऊक नव्हते. असो.

वेल्सच्या इतिहासातही हा ‘वरून’ शब्द फार जड आहे. १९५७ साली लिव्हरपूल ह्या इंग्लंडमधील शहराला पाणी हवे म्हणून लंडनच्या पार्लमेंटने एक कायदा केला आणि ट्रिवेरिन नदीचे खोरे धरणासाठी दिले. बहुतेक सारे वेल्श खासदार विरोधात होते, तरी कायदा झाला. केपेल केलिन नावाचे वेल्श भाषा बोलणारे गाव, शाळा, प्रार्थनामंदिर आणि स्मशानभूमीसह पाण्याखाली गेले. १९६५ साली धरणाचे उद्घाटन झाले. हे वाचताना मराठी माणसाला १९२१चा मुळशीचा सत्याग्रह आणि सेनापती बापट आठवल्याशिवाय कसे राहतील?

त्यानंतर वर्षभरातच, २१ ऑक्टोबर १९६६ रोजी, ॲबरव्हॅन गावावर डोंगरउतारावरचा कोळसाखाणीचा राडारोडा घसरून आला. खाली शाळा भरत होती. १४४ माणसे गेली, त्यांत ११६ मुले. ढिगाऱ्याचा धोका गावकऱ्यांनी आधी कळवला होता. चौकशी न्यायाधिकरणाने कोळसामंडळाला दोषी धरले. पण एकाही माणसावर खटला झाला नाही, एकाचीही नोकरी गेली नाही. उलट, उरलेले ढिगारे हलवण्याच्या खर्चासाठी लोकांनी गावाला दिलेल्या मदतनिधीतूनच दीड लाख पौंड घेतले गेले. ते १९९७ साली लंडन सरकारने परत केले, पण व्याजाविना. पुढे २००७ साली वेल्सच्या स्वतःच्या सरकारने वीस लाख पौंड गावाच्या संस्थांना दिले. हिशोब चुकता व्हायला चाळीस वर्षे लागली, आणि तो शेवटी चुकता केला तो घरच्या सरकारने.

मात्र हे घरचे सरकार काही वाजतगाजत आले नाही. १९७९ साली वेल्सच्या लोकांना विचारले, तुम्हांला स्वतःची विधानसभा हवी का? पाचातल्या चौघांनी ‘नको’ म्हटले. १८ सप्टेंबर १९९७ रोजी पुन्हा विचारले, तेव्हा ‘हो’ म्हणणारे ५,५९,४१९ आणि ‘नाही’ म्हणणारे ५,५२,६९८ निघाले. फरक अवघा ६,७२१ मतांचा! शेवटचा निकाल कारमार्थनशायरचा लागेपर्यंत ‘नाही’चेच पारडे जड होते. १९९९ साली साठ सदस्यांची सभा भरली. तिला स्वतःचे कायदे करण्याचे पुरते अधिकार मिळाले ते २०११च्या तिसऱ्या जनमतानंतर. आता तिला वेल्श भाषेत सेनेद म्हणतात.

ह्या सभेने २०१५ साली एक असा कायदा केला, की तो प्रथम ऐकला तेव्हा मला ती संतवाणीच वाटली. त्याचे नाव भावी पिढ्यांच्या कल्याणाचा कायदा. सरकारने आणि सरकारी संस्थांनी कोणताही निर्णय घेताना अजून जन्माला न आलेल्या लोकांचेही हित पाहिले पाहिजे, असे त्यात लिहिले आहे. त्या न जन्मलेल्यांची बाजू मांडायला एक आयुक्तही नेमायचा. पहिल्या आयुक्त सोफी हाऊ. आयुक्ताला सल्ला देता येतो, शिफारस करता येते, चौकशी करता येते. सरकारचा हात मात्र धरता येत नाही. म्हणजे आपल्याकडच्या घरातल्या वडीलधाऱ्या आत्याबाईंसारखे त्यांचे स्थान. हुकूम नाही, पण त्यांनी सर्वांसमोर तोंड उघडले की पंचाईत होते.

तशी पंचाईत लवकरच झाली. लंडनहून येणारा एम-चार हा राजमार्ग न्यूपोर्ट शहरापाशी ब्रिनग्लासच्या बोगद्यांत शिरतो. हे बोगदे १९६७चे. प्रत्येक दिशेला दोनच पदर. सकाळ-संध्याकाळ तिथे मोटारींची मुंगीरांग लागते आणि धूर आसपासच्या घरांत शिरतो. शहराच्या दक्षिणेने नवा रस्ता काढावा, ही कल्पना १९९१ साली निघाली. ती २००९ साली खर्चापायी सोडून दिली गेली आणि २०१४ साली पुन्हा जिवंत झाली. लांबी चौदा मैल, खर्च सुमारे एक अब्ज चाळीस कोटी पौंड.

आणि हा रस्ता जाणार होता कुठून? ग्वेंट लेव्हल्समधून. नकाशा पाहिला आणि मी क्षणभर थबकलो. ती खारजमीनच होती! सेव्हर्नच्या खाडीला बांध घालून मिळवलेली सपाट कुरणे आणि पाणी वाहून नेणारे चर. तिथले लोक त्यांना ‘रीन’ म्हणतात. रोमन काळापासून हे काम चालत आले आहे. गोल्डक्लिफ येथे १८७८ साली सापडलेल्या एका शिलेवर रोमन सैन्याच्या तुकडीने साडेतेहतीस पावलांचे काम केल्याची नोंद आहे, बहुधा बांधाचीच. १६०७ साली समुद्र आत घुसला, त्याची पितळी पाटी गोल्डक्लिफच्या चर्चमध्ये आहे. ह्याच भागात २०१६ साली क्रौंच पक्ष्यांच्या जोडीने पिल्लू वाढवले. वेल्समध्ये चारशे वर्षांत ते प्रथमच घडत होते.

२०१७ साली न्यूपोर्टमध्ये जाहीर चौकशी सुरू झाली आणि वर्षभर चालली. सरकारची माणसे आली, कारखानदार आले, निसर्गप्रेमी संस्था आल्या, साधे रहिवासी आले. कायदा सरकारने समजून घेतला तो चुकीचा, असे आयुक्तबाईंनी लेखी कळवले. सरकारनेच केलेला कायदा सरकारलाच दाखवायचा, ह्याहून नेमका जाब कोणता?

चौकशी अधिकाऱ्याने सारे ऐकून घेतले आणि पाचशेहून अधिक पानांचा अहवाल दिला: रस्ता करावा. कौल रस्त्याच्या बाजूने होता. लंडन सरकारलाही रस्ता हवा होता. वेल्सच्या आधीच्या मुख्यमंत्र्यांचाही कल तिकडेच होता. तयारीवर अकरा कोटींहून अधिक पौंड खर्च झाले होते. तरीही ४ जून २०१९ रोजी नवे मुख्यमंत्री मार्क ड्रेकफर्ड ह्यांनी रस्ता नाकारला. कारण पहिले, पैसा. आणि दुसरे असे, की पैशाचा प्रश्न नसता तरी पर्यावरणाच्या हानीला आपण अधिकाऱ्यापेक्षा अधिक वजन देतो, म्हणून आपण नाहीच म्हटले असते. ही कारणे त्यांनी लिहून, सही करून, अहवालासह प्रसिद्ध केली.

हे वाचून मी लगेच टाळ्या वाजवाव्यात, अशी अपेक्षा कोणी करील. पण न्यूपोर्टच्या बोगद्याशेजारी राहणाऱ्या बाईचा विचार करा. तिच्या खिडकीतला धूर क्रौंच पक्ष्यामुळे कमी होत नाही. रस्ता नाही, तर मग काय? हा तिचा प्रश्न रास्त होता. सरकारने लॉर्ड बर्न्स ह्यांचा आयोग नेमला. त्याने २०२० साली सांगितले, आगगाडीची नवी स्थानके काढा, बस सुधारा, म्हणजे माणसे मोटारीतून उतरतील.

आणि इथे गोष्ट अडली. कार्डिफभोवतीच्या खोऱ्यांतले लोहमार्ग सोडले, तर वेल्समधील रूळ लंडनच्या ताब्यात! लंडन ते बर्मिंगहॅमच्या नव्या वेगवान लोहमार्गाचा एक इंचही वेल्समध्ये नाही. पण तो इंग्लंड आणि वेल्स दोघांचा धरला गेला, म्हणून वेल्सला त्यापोटी स्वतंत्र वाटा मिळाला नाही. तेव्हा जाब विचारायला गेले, की कार्डिफ म्हणणार, रूळ लंडनचे. आणि लंडन म्हणणार, वाहतुकीचे धोरण कार्डिफचे. अर्धवट सोपवलेल्या सत्तेची ही खरी खोट आहे. जबाबदारीची शीव नीट आखलेली नसली, की दोन्ही शेजारी आपापला केर पलीकडे लोटतात.

तरीही कार्डिफ थांबले नाही. २०२१ साली नव्या रस्त्यांची कामे रोखून तज्ज्ञांकडून तपासली गेली आणि २०२३च्या फेब्रुवारीत पन्नासांहून अधिक योजनांपैकी अवघ्या पंधरांना पुढे जाऊ दिले. मग आली ती वीस मैलांची मर्यादा, आणि ते सह्यांचे वादळ.

एका मंगळवारी मी मुलीबरोबर सेनेद पाहायला गेलो. रिचर्ड रॉजर्स ह्यांनी बांधलेली, २००६ साली उघडलेली ही इमारत खाडीकाठी आहे. काच, पाटीचा दगड आणि लाकडाचे लाटांसारखे छत. तपासणी झाली की कोणीही आत जावे. आम्ही वरच्या मजल्यावरच्या गोल गॅलरीत बसलो. खाली, काचेपलीकडे, सभागृह. मुख्यमंत्री उभे राहून प्रश्नांना उत्तरे देत होते. विरोधक वीस मैलांवरून त्यांना बोलत होते. कानाला लावायला भाषांतराचे यंत्र मिळाले होते. तरी मी थोडा वेळ ते काढून नुसताच पाहत राहिलो. मुलीने विचारले, “बाबा, कंटाळलात का?”

मी म्हटले, “नाही ग. बघ, लोक वर बसलेत आणि सरकार खाली.”

त्या सह्या फुकट गेल्या नाहीत आणि सगळ्या मान्यही झाल्या नाहीत. २०२४ साली सेनेदमध्ये अर्जावर चर्चा झाली. काही रस्ते पुन्हा तीस मैलांवर नेण्याची वाट नव्या मंत्र्यांनी नगरपालिकांना मोकळी करून दिली. कायदा मात्र राहिला. पहिल्या वर्षात अशा रस्त्यांवरच्या अपघातांत जखमी होणाऱ्यांची संख्या सुमारे पाव हिश्शाने घटली, असे पोलिसांच्या नोंदींवरून दिसले. सुतार जिंकला की आजीबाई, हे मी सांगणार नाही. दोघांनाही उत्तर मिळाले, एवढे मात्र खरे.

परतल्यावर मी त्या खाडीकाठच्या गावी जाऊन आलो. आजोबा जाऊन कैक वर्षे झाली. त्यांचा नातू रस्त्याकडेला दुकान चालवतो; त्याला त्या रस्त्याचा उपयोगच झाला, असे तो म्हणाला. मी त्याला मोरी कुठे असायला हवी होती, ती जागा दाखवली. तो म्हणाला, “काका, आजा नेमकी हीच जागा दाखवायचा.”

पन्नास वर्षे उशिरा का होईना, त्याला मी कारण सांगितले: तेव्हा आम्ही विचारले नव्हते, आणि ती चूक ‘वर’ कोणाची नव्हती, खुंटी हातात धरणाऱ्या माझीही होती. त्याने चहा सांगितला. दिवाळी आठवड्यावर आली होती; दुकानापुढे कंदील लावायचे चालले होते, आणि रस्त्यापलीकडे, पाण्यातून वाचलेल्या शेतात, भात कापणीला आले होते.